ऑइलच्या बाटलीतले हिरवे धागे

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे माझ्यापुरतंच लिहितेय, पण कुणाच्या हाती लागलंच तर माफ करा.

पनवेलजवळच्या एका लॅबमध्ये मी बाटल्या धुते. तिथे यंत्रांतलं वापरलेलं ऑइल तपासतात. त्यातल्या कणांवरून यंत्र आतून झिजतंय का ते कळतं.

नेऱ्याला आमचा ट्रॅक्टर आहे. करंजाड्याच्या बांधकामांवर जातो, त्यावरच घर चालतं. गेल्या वर्षी त्याची मागची, ओझं वर घेणारी लिफ्ट उचलेना, आतून घरघर यायला लागली. मिस्त्री म्हणाला, "लिफ्टला ऑइल देणारा पंप झिजलाय. गिअर पण गेले असतील. सगळं खोलावं लागेल." सामानासाठी त्याने ॲडव्हान्स घेतला. ते पैसे माझ्या भावाचे होते.

लॅबमध्ये ऑइल तपासणाऱ्या मॅडमना विचारायला मला धीर होईना. शेवटी त्यांनीच माझा चेहरा पाहून विचारलं. म्हणाल्या, "खोलायच्या आधी ऑइल आणा, मावशी."

मी धुतलेली बाटली घरी दिली, आमच्या यांनी ट्रॅक्टरचं ऑइल भरून आणलं. कण मोजायच्या यंत्रात ऑइलमधून प्रकाश जातो. कण आडवा आला की सावली पडते, ती मोजतात. आकडा इतका मोठा आला की मी म्हटलं, "गेले गिअर!"

"अहो, हे यंत्र नुसतं मोजतं," मॅडम म्हणाल्या. "लोखंड की माती, ते त्याला कळत नाही."

मग त्यांनी ऑइल बारीक पांढऱ्या कागदातून गाळलं आणि कागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मलाच बघायला लावलं. मला वाटलं, चकचकीत चुरा दिसेल. दिसले ते धागे. लांब, वळलेले, बरेचसे हिरवे.

"मावशी, तुमचा ट्रॅक्टर साडी नेसतो का हो?"

घरी सासूबाई वाल सोलत होत्या. मी बाटलीचं विचारलं तर म्हणाल्या, "मीच आतून पुसली पदरानं. कोनाला भांडं देताना पुसून देतात. तुला शिकवलं नाय कोनी?"

"आई, ती धुतलेलीच होती."

"मंग? धुतलेलं पुसायचं नाय?"

हे जोरात हसले. ट्रॅक्टर बंद पडल्यापासून पहिल्यांदाच.

दुसरी बाटली यांनी भरेपर्यंत मी हातातून सोडली नाही. या वेळी आकडा खाली आला. कागदावर थोडी धूळ होती, लोखंड जवळजवळ नाहीच. मी ते मिस्त्रीला जाऊन सांगितलं.

मिस्त्री कुरकुरला, "कागदावर काय गिअर दिसतात?"

"तू बाहेरून बघ आधी. खोलायचा नाय," हे म्हणाले.

त्याने बाहेरून एकेक जागा तपासली. पंपाकडे जाणाऱ्या पाइपचं सील तडकलं होतं, तिथून पंप ऑइलबरोबर हवा ओढत होता, म्हणून ती घरघर. सील बदललं आणि लिफ्ट सरसर वर गेली. मिस्त्री माणूस चांगला. सामान अजून मागवलं नव्हतं, म्हणून त्याने ॲडव्हान्स सगळाच्या सगळा परत केला.

त्याच संध्याकाळी मी भावाकडे गेले आणि त्याचे सगळे पैसे फेडले.