उपकारमावशींची नक्कल

उपकारमावशी प्रार्थनेला उभ्या राहिल्या की भाकरी थापायच्या. म्हणजे डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली आणि दोन्ही तळवे एकमेकांवर थप थप, थप थप. सांगलीत आमच्या ख्रिस्ती मंडळीचं मुलांचं बोर्डिंग होतं, तिथे या आटपाडीकडच्या विधवा बाई पोरांना भाकऱ्या करून घालायच्या. देवापुढे उभं राहिलं तरी त्यांच्या हातांना दुसरं काही सुचत नसे.

उपासनेत पाळकसाहेबांनी "कुणाला देवाच्या कृपेची साक्ष द्यायची आहे का?" असं विचारायचा अवकाश, मावशी उठायच्याच. "देवा, तुजं लय उपकार. येष्टी चुकली, म्हणून स्टँडवर बसले, म्हणून म्हायेरची सखू भेटली." नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं तेव्हा अख्खी मंडळी कुरकुरत होती. मावशी म्हणाल्या, "एक दिस घसा कोरडा, तवा दुसऱ्या दिशी पान्याला चव." मागच्या बाकावर आम्ही चारजण तोंडाला रुमाल लावून बसायचो. रुमालाची कल्पना माझी.

मी मूळचा साताऱ्याचा, सांगलीत शाळामास्तर. नकला करायची मला खोड. हेडमास्तरांची करायचो, पाळकसाहेबांची करायचो, पाळकसाहेबांच्या सुरू न होणाऱ्या स्कूटरचीही करायचो. पंचाण्णवच्या नाताळच्या कार्यक्रमात मी बायकोचं लुगडं डोक्यावरून घेऊन स्टेजवर आलो आणि हात थापायला लागलो. "देवा, तुजं लय उपकार. भाकर करपली, म्हणून कुत्र्याचं प्वाट भरलं!" लोक हसून हसून बाकांवर आडवे झाले. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मावशीही हसल्या. त्यांना काही कळलेलंच नाही, असं मी ठरवून टाकलं. सोयीचं होतं ते.

फेब्रुवारीत माझा आवाज बसला, तो उठेचना. स्वरयंत्रावर गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. पुढे आवाज येईल की नाही ते तेव्हाच कळेल. मास्तरचा आवाज गेला तर मागे काय उरतं? छडी. मी पाटी-पेन्सिल घेऊन घरात बसलो. बायको नोकरीवर जायची. नकलांना टाळ्या पिटणारे दोन-तीनदा येऊन गेले, पण मुक्या माणसाशी किती वेळ बोलणार!

रोज दुपारी यायच्या त्या उपकारमावशी. झाकणाच्या डब्यात ज्वारीची पेज घेऊन, चालत. मी पाटीवर काही लिहिलं की निरखून बघायच्या आणि "बरं, बरं" म्हणायच्या. एकदा मी लिहिलं, "मीठ जास्त झालंय." दुसऱ्या दिवशी मीठ आणखी जास्त. "आवडलं म्हनालास न्हवं?" मला वाटलं, बाई थट्टा करतेय.

एका सुट्टीच्या दुपारी बायको त्यांना म्हणाली, "मावशी, हे म्हणतात देवानं शिक्षा केली."

"शिक्षा?" मावशी माझ्याकडे वळल्या. "देव काय शाळामास्तर हाय व्हय रं, चुकलं की छडी मारायला?"

ती पेज त्या दिवशी डब्यातच राहिली. शनिवारी मी कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. घडी करून मावशींच्या हातात दिला. त्यांनी तो कनवटीला लावला. "काळजी करू नगंस," म्हणाल्या.

रविवारी उपासनेत प्रार्थना-विनंतीच्या चिठ्ठ्यांचं ताट पाळकसाहेबांपुढे आलं. कुणाचा ताप, कुणाची परीक्षा. तिसरा कागद उघडला, त्याची घडी माझ्या हातची होती. मी उभा राहून दोन्ही हातांनी नको, नको अशा खुणा केल्या. पाळकसाहेबांना वाटलं, मागे ऐकू येत नाही. त्यांनी आवाज चढवला.

"मावशी, नाताळात मी तुमची नक्कल केली. टाळ्या मिळाव्यात म्हणून तुमच्या प्रार्थनेचं हसं केलं. ज्या हातांवर लोकांना हसवलं, त्याच हातांची पेज मी रोज पितो. मला माफ करा."

मास्तरचं अक्षर. अडखळायला कुठे जागाच नव्हती.

सगळ्यांच्या माना मावशींकडे वळल्या. मग मावशी उठल्या. "मला वाटलं, पोरगं आवाजासाटी इनंती लिवतंय. मला कुटं वाचाया येतंय?"

या बाईची मान कुठे किती कलते ते मला पाठ होतं. तिला वाचता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. दर रविवारी तिच्या हातात बायबल उघडं असायचं, तेवढं बघून मी मोकळा झालो होतो.

"आन् मास्तर," त्या म्हणाल्या, "मला तवाच कळलं हुतं रं. धा वर्सं या देवळात येतीया, माज्याकडं कुनी धड बगितलं न्हवतं. तू यवढं बगितलंस. हात कसं हलत्यात, मान कशी हाय. त्या दिसापास्नं बायका माज्यासंगं बोलाया लागल्या." मग डोळे मिटले. "देवा, तुजं लय उपकार." आणि हात थापायला लागले. कुणी हसलं नाही. माझा रुमाल त्या दिवशी डोळ्यांना लागला.

जूनमध्ये सुनेचं बाळंतपण आलं आणि मावशी कायमच्या आटपाडीला निघाल्या. सांगली स्टँडवर सोडायला गेलो. बोलायची परवानगी मिळाली होती, पण घशातून फुटक्या भात्यासारखी नुसती हवा यायची. मावशी खिडकीत बसल्या आणि म्हणाल्या, "जाताना एकडाव माजी नक्कल कर की रं."

मी खुणेने विचारलं, इथं?

"मग काय आटपाडीत यनार हायस?"

लोक बघत होते. मी मान कलती केली, डोळे मिटले, हात थापायला लागलो. "देवा, तुजं लय उपकार. आवाज गेला, म्हणून..." पुढे विनोद तयार होता, तो आलाच नाही. "आवाज गेला, म्हणून मावशींची पेज मिळाली. आवाज गेला, म्हणून जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं ऐकून घेतलं. आवाज गेला म्हणून..."

कंडक्टरने बेल मारली. डोळे उघडले तर गाडी हलली होती आणि खिडकीतून मावशी ओरडत होत्या,

"न्हाई जमलं, मास्तर! माजा आवाज न्हाई आला. तुजाच आला की रं!"