फुग्यांच्या खेळातली धून

कुरुंद्यात आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. त्यांचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरीच राहिला. शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला मी त्यांच्याकडे जायचो. दर वेळी काकू मुलाचा आवडता रंगीत फुगे फोडायचा खेळ लावून बसलेल्या असायच्या. त्या खेळात घाई नव्हती, हरणं नव्हतं. मागे एक संथ, गोड धून वाजत राहायची. काकू सगळे फुगे फोडायच्या, पण शेवटच्या एकाला हात लावायच्या नाहीत.

"काहून थांबलात?" मी एकदा विचारलं.

"तो फुटला की गाणं बदलतंय, सर. मी कुठं खेळून राहिले? ऐकून राहिले."

एका दुपारी मी कागद घेऊन गेलो, तेवढ्यात मुलाचा मोबाइलवर फोन आला. त्याला दिवाळीलाही सुट्टी नव्हती. काकू "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या. जेवणाचं विचारलं, तब्येतीचं विचारलं. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. तरी त्यांनी फोन ठेवला नाही. कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ धरला आणि धुनीचा आवाज वाढवला.

बऱ्याच वेळानं, फोन कटला की काय म्हणून त्यांनी तो कानाला लावला.

"काय म्हणतोय?" मी हळूच विचारलं.

"बंद नको करू म्हणतोय."

त्यांनी फोन पुन्हा स्पीकरजवळ नेला. एक हात भरून आला की त्या दुसऱ्या हातात घेत होत्या. मी आवाज न करता बाहेर आलो.