बांबूवरचे शर्ट

सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटखाली कुणीतरी ते जुनं इंग्रजी रॉक गाणं लावलं होतं, सगळं ठीक होईल असं सांगणारं. मी खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे वाळत घालत होतो. ओल्या साबणाच्या वासासरशी विद्यार्थी असतानाची, शहराच्या दुसऱ्या टोकाची हौगांगची खोली आठवली.

तेव्हा गाइडने माझा प्रबंध परत केला होता आणि मी कायमचं नागपूरला जायला बॅग भरत होतो. आयटीत असलेला रूममेट मिलिंद बांबूत ऑफिसचे शर्ट ओवत होता. त्याच्या मोबाइलवर हेच गाणं चालू होतं.

“हे लिहिणाऱ्याची नोकरी गेली होती, माहितीये?” तो म्हणाला. “दोन आठवडे आईला फोनवर रोज सांगायचा, मजेत आहे. मग एका सकाळी बसून हे लिहिलं. ठेव ती बॅग.”

मी ठेवली.

आज हे सगळं मुलीला सांगितलं. तिने लगेच फोनवर शोधलं. “असं काही नाही लाह, बाबा,” ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. “ तो सुट्टीवर होता, बीचवर बसून लिहिलंय.”

मी उरलेले कपडे वाळत घातले. हौगांगमधला तो दिवस मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले होते, आणि ऑफिसात असायला हवा तो मिलिंद घरी शर्ट वाळत घालत होता.