घरातली दिवसपाळी

आज सकाळी मलमलीचा नवा ताका बादलीत भिजत घातला आणि न्हाणीघरभर खळीचा वास पसरला. कोऱ्या कापडाचा हा वास नेमका कशासारखा आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. थोडा तांदळाच्या पेजेसारखा, थोडा नागपूरच्या गांधीबागेतल्या त्या कापडदुकानाच्या गादीसारखा, जिथे पांढऱ्या चादरीवर मांडी घालून मी वर्षानुवर्षं चिमटीत कापड धरून पाहत आले. तान्ह्या बाळाच्या अंगाला लागायचं कापड आधी पाण्यात आटवून घ्यावं लागतं; नाहीतर पहिल्याच धुण्यात झबलं आखडतं आणि बाळाच्या आईचा फोन येतो. म्हणून हा वास माझ्या घरात पाहुणा नाही, घरचाच आहे. पण एका उन्हाळ्यापासून तो आला की मला सगळ्यात आधी वैताग आठवतो. निव्वळ, शुद्ध, पाणी न घातलेला वैताग. आणि त्या वैतागाच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेला माझा नवरा.

मी झबली शिवते. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी. मानेवाड्याकडच्या आमच्या घराची मागची खोली हाच माझा कारखाना, आणि फोन हेच माझं दुकान. महाल भागातले दोन दुकानदार थोडा माल नेतात, बाकी सगळं बायकाबायकांत चालतं. या कामाला त्या उन्हाळ्यापर्यंत एक चाल होती, जी फक्त मला ऐकू यायची. गॅसवर वरण ठेवायचं आणि ते शिजेपर्यंत बाह्या जोडायच्या. भाजीवाल्याची हाक आली की सुई कापडातच ठेवून उठायचं. दुपारी कंटाळा आला तर टोपड्यांना नाड्या ओवायच्या, कारण ते काम डोळे मिटूनही होतं. याला कोणी शिस्त म्हणणार नाही. पण माल वेळेत जायचा. आणि अर्धा धंदा तर ऐकण्याचाच होता. झबली मागणारी बाई सहसा होणारी आई नसते, तिची आई असते. ती "कापड मऊ आहे ना?" इथून सुरू करते आणि जावयाच्या बदलीपर्यंत, लेकीच्या उलट्यांपर्यंत, विहिणीच्या स्वभावापर्यंत जाऊन पोचते. मी हूं हूं करत झबल्याचे बंद शिवत राहायची. कोणाच्या तरी घरात येऊ घातलेल्या जिवाची बातमी कानावर पडत असताना त्याचं झबलं हातात असावं, यात एक समाधान होतं. ते मला कधी कोणाला सांगावंसं वाटलं नाही.

नवरा बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात पाळीप्रमुख होता. आयुष्यभर कंपनीच्या बसनं गेला आणि कंपनीच्या बसनं आला. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "डबा आता धुऊन वर ठेवून दे. युनिट बंद झालं." बस, एवढंच. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं, कारण ते थोडा वेळ थांबले. मला रडू आलं नाही. घर चालत होतं, मुलं मोठी झाली होती. वाटलं, बरं झालं, माणूस जरा आराम करेल.

आराम! त्या माणसानं आधी कूलरचा सगळा वाळा बदलला. मग फाटकाला रंग दिला. मग गच्चीवरची टाकी आत उतरून घासली, सगळ्या दारांच्या कड्यांना तेल घातलं, आणि एक दिवस घरात दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नाही. त्या दिवशी ते खुर्ची घेऊन माझ्या खोलीत आले.

बराच वेळ नुसते बघत बसले. मी बेतत होते. नवरा बघत असताना कापड बेतणं फार अवघड. कातर आपली असून आपली राहत नाही. शेवटी ते म्हणाले, "एवढी पट्टी कडेला काहून सोडून राहिली वं?"

"त्याले माया म्हणते," मी म्हटलं. "शिवणीत जाते. माया नाही ठेवली तर शिवण उसवते."

"आमच्याकडं याले वेस्टेज म्हणते," ते म्हणाले, आणि खिशातून मोजपट्टी काढली.

तिथून पुढचे दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. खोलीत घड्याळ आलं. भिंतीवर पांढरा फळा आला. सकाळी फक्त बेतणं, दुपारी फक्त शिलाई, संध्याकाळी घड्या आणि बांधाबांध. एकदा सुरू केलं की उठायचं नाही; वरणाचं काय ते आधी बघून घ्यायचं. चहाला सुट्टी, पण चहा मीच करायचा! मायेची पट्टी त्यांनी माझ्या नकळत अर्धी केली आणि पहिल्याच धुण्यात झबली काखांत उसवून परत आली, तेव्हा कुठे तो विषय मिटला. फोनही त्यांच्याकडे गेला, कारण माझ्या म्हणण्याप्रमाणे मी बोलत होते आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी वेळ घालवत होते. खरा वैताग तर वेगळाच होता. काम खरोखरच जास्त होऊ लागलं. संध्याकाळी झबल्यांची चळत उंच दिसायची आणि ते तिच्याकडे असे बघायचे, जसं काही ती त्यांनीच शिवली. मी भांडणार कशावरून? थकवा आला म्हणून? थकवा तर आधीही होता. पण आधीच्या थकव्यात गावभरच्या लेकीबाळींची खबर असायची. आता नुसते टाके उरले होते.

घर म्हणजे काय, याचा विचार मी त्या दिवसांत फार केला. घरून काम करणाऱ्या बाईला सगळे म्हणतात, किती छान, घरच्या घरी. पण घर ही काही रिकामी जागा नसते, की तिथे मशीन ठेवलं आणि झाला कारखाना. तिथे प्रत्येक तासाला कोणीतरी आधीच बसलेलं असतं. कधी दूधवाला, कधी कपडे वाळत घालायचं ऊन, कधी नुसतं खिडकीबाहेर बघणं. मी माझं काम या सगळ्यांना न उठवता, त्यांच्या मधून वाट काढत रचलं होतं. ते एका माणसानं फळ्यावर रेघ मारून सरळ केलं. सरळ झालं, आणि माझं राहिलं नाही.

वर्धेकडच्या एक बाई होत्या. लेक नागपूरला दिलेली, पहिलंच बाळंतपण, आणि या तिकडे जीव मुठीत धरून बसलेल्या. रोज काही ना काही लिहायच्या. अचानक त्यांचे निरोप बंद झाले. मी चोरून फोन उघडून पाहिला, तर आमच्याकडून उत्तर गेलेलं, "कृपया ऑर्डरपुरतेच लिहावे." मी घाईघाईनं त्यांना फोन लावला. त्या रागावल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. "नाही वं बाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या इथं आता ऑफिस झालं म्हटलं. कायले तरास द्यायचा?"

फोन ठेवला आणि मी खोलीत येऊन ओरडले. इतक्या वर्षांत ओरडले नसेन इतकं. "हे घर हाये जी, बुटीबोरी नाही! तुम्ही गावात जा, मित्रांकडं जा, कुठंही जा, पण माझ्या खोलीतून उठा."

ते उठले नाहीत. हातातली मोजपट्टी उलगडत, गुंडाळत म्हणाले, "कुठं जाऊ वं? मले दुसरं काही येतच नाही. लोकं कामाले लावणं, एवढंच केलं जन्मभर. आता इथं लावाले तू एकटीच हाये."

असं काही कोणी बोललं की भांडण अर्ध्यावर राहतं; आणि अर्ध्यावर राहिलेल्या भांडणाइतकं वैतागवाणं काही नाही. ना पुढे नेता येत, ना मागे घेता येत. मला दया आली असेल, पण बाहेर पडला तो रागच. मशीनकडे बोट करून म्हटलं, "मग शिका. बसा इथं. लोकं कशी कामाले लागते, थे तर कळू द्या."

ते बसले. ज्या माणसानं आयुष्यभर दालनभर यंत्रं सांभाळली, त्याच्या पायाखाली माझं साधं पायमशीन उलटं पळालं. दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. सुईत दोरा ओवताना त्यांची मान इतकी वाकायची की मला कॉलरखालची पांढरी मानगूट दिसायची, आणि मी दुसरीकडे बघायची. मी चांगली शिक्षिका नाही. एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली की माझा आवाज चढतो, आणि त्यांना तर प्रत्येक टाक्याला "काहून?" विचारायचं असायचं. पण उठले मात्र नाहीत. पहिलं झबलं पूर्ण करून त्यांनी माझ्यापुढे धरलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. कापडाची बाजू उलटी धरलेली. सगळ्या शिवणी बाहेर. मी ते चिंध्यांच्या पोत्यात टाकलं. त्यांनी ते काढलं, घडी केली आणि फळीवर ठेवलं. मी पुढचं झबलं बेतायला घेतलं, कारण भांडायला लागले असते तर दुपार गेली असती.

ऐन उन्हात, दिवस भरायच्या कितीतरी आधी, त्या वर्धेच्या बाईंचा फोन आला. लेक बाळंत झाली होती. बाळ काचेच्या पेटीत होतं. आणलेलं एकही झबलं त्याला होत नव्हतं; नर्सनं सांगितलं होतं, पुढून उघडं हवं, बंदांचं हवं, आणि आतून काहीही घासायला नको. "तळहातावर मावते वं बाई," त्या म्हणाल्या, "तेवढं झबलं शिवून देता का?"

मी ताका उलगडला, पण हात चालेना. इतकं लहान मी कधी बेतलंच नव्हतं. कातर धरून उभी राहिले. तेवढ्यात नवऱ्यानं फळीवरून ते उलटं झबलं काढलं, त्याच्या आत दोन बोटं फिरवली आणि म्हणाले, "शिवण बाहेरच ठेव. आत टोचाले काही राहणारच नाही."

मला खोट काढायची होती. खूप शोधली. मिळाली नाही. मी बेतलं, त्यांनी कापड ताणून धरलं, मी शिवलं, त्यांनी कापडाचेच बारीक बंद वळले. फळ्याकडे कोणी पाहिलं नाही. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून ते स्कूटरवर त्या रणरणत्या दुपारी दवाखान्यात गेले. संध्याकाळी आले. पाणी प्यायले, पेला हातात धरून बसून राहिले. मी विचारायला घाबरत होते. मग म्हणाले, "डाव्या बाजूचा बंद जरा वर पायजे. तिथं नळी येते." आणि थोड्या वेळानं, "अजून लेकरं हायेत वं तिथं. सगळ्याइले झबलं मोठंच होते."

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तर मशीनवर ते बसलेले होते. माझ्याच मशीनवर!

ते बाळ बऱ्याच आठवड्यांनी घरी गेलं. आजीबाईंचा लांबलचक निरोप आला, त्यात बाळापेक्षा विहिणीबद्दल जास्त होतं. नवऱ्यानं तो मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं, "बाळाला दूध पचते का?" मी म्हटलं, "ऑर्डरपुरतंच लिहावं जी." ते हसले नाहीत. पाठवलं, आणि उत्तराची वाट बघत बसले. त्यानंतर तशी लहान झबली आम्ही नेहमीच करू लागलो. वैताग संपला असं नाही. बंद तिरका लागला की ते "रिजेक्ट" म्हणून माझंच काम बाजूला ठेवायचे. पण आता त्या शब्दाला मी उलटून उत्तर देऊ शकत होते, कारण त्यांचेही बंद तिरके असायचे.

दिवाळीनंतर बुटीबोरीच्याच दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं. ज्या दिवसाची मी वाट पाहिली होती, तो दिवस असा साधाच आला. त्यांनी शर्टाला इस्त्री केली, मी वर ठेवलेला डबा काढला. फळा पुसून मी गच्चीच्या जिन्यात टाकला. पण नव्या माणसाला कारखान्यात रात्रपाळी आधी मिळते, मग तो कितीही जुना असो. आता ते सकाळी येतात आणि दिवसा झोपतात. झोपतात कुठे? मागच्या खोलीत, कारण घरात तीच एक अंधारी आणि गार. म्हणजे घर परत मला मिळालं, आणि मशीन मात्र चालवता येत नाही. काय म्हणावं याला!

मग मी त्यांच्या खाटेशेजारी, खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात बसते आणि हातानं बंद शिवते. हळू होतं काम. पण बसल्याबसल्या ध्यानात आलं, हे असं बसणं मला नवीन नाही. मुलं लहान होती तेव्हा ती दुपारी झोपली की मी पहिलीवहिली झबली शिवायची, पाय अगदी हलके टाकत, कारण कोणी जागं झालं की त्या दिवसाचं काम संपलं. पुढे ती मोठी झाली, शिकायला गेली, आणि मला वाटलं, आता वेळ माझा. तो तसा कधी नव्हताच बहुधा. जो मिळाला तो कोणाच्या ना कोणाच्या झोपेच्या कडेनं कातरून घेतलेला, आणि एवढं सगळं त्यातच शिवून झालं. पहिल्या झबल्यांतली बाळं आता कॉलेजात जात असतील. त्यांना ती आठवत नाहीत, आणि आठवूही नयेत. झबलं लहान होण्यासाठीच असतं.

ते कूस बदलतात. मी सुई थांबवते. श्वास पुन्हा सारखा लागला की पुढचा टाका घालते.