चार दिवसांत म्हातारपण

तात्यासाहेब त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. भाजीवाली त्यांना भाऊ म्हणायची. सिटी बसमध्ये उभ्या असलेल्या बायका त्यांच्याकडे अशा बघायच्या, की शेवटी तेच उठून जागा द्यायचे. गारखेड्यातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात खुर्च्या मांडायचं काम कायमचं त्यांच्याकडे होतं. "तात्या, आमच्यात तुम्हीच काय ते तरणे," असं म्हणून मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब पहिल्या खुर्चीत बसायचे आणि येणारा-जाणारा त्यांच्या पाया पडायचा. काकासाहेब तीन वर्षांनी लहान होते. त्यांचं कर्तृत्व एवढंच, की त्यांचं डोकं कापसासारखं पांढरं होतं.

यात दोष तात्यासाहेबांचाच होता. फुलंब्रीला खरेदी-विक्री संघात कारकून असताना पंचेचाळिशीतच त्यांचे केस पिकले. मुलीच्या लग्नात नवरदेवाच्या मामानं त्यांना विचारलं, "आजोबा, पंगत कुठं बसलीय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी काळ्या मेहंदीची पुडी आणली. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं, एक रविवार आड, फाटकं बनियन घालून, दात घासायच्या जुन्या ब्रशनं डोक्याला आणि मिशीला लेप. मरण कुणाला टळत नाही. तात्यासाहेब ते फक्त पंधरा-पंधरा दिवसांनी पुढं ढकलत होते.

आणि मग मंडळाच्या वर्धापनदिनाला सगळ्यात वयस्क सभासदाचा सत्कार करायचं ठरलं. सेक्रेटरी सोमनाथरावांनी रजिस्टर उघडलं आणि नाव निघालं तात्यासाहेबांचं. सगळे हसले.

"यांना शाल कशाला? बॅट द्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"कागदावर काय, मीसुद्धा शंभर वर्षांचा होईन," काकासाहेब म्हणाले. "असो. रजिस्टर म्हणतंय तर शाल घालतो, पायाही पडतो. पण डोळे मिटून."

तात्यासाहेबांना शालीचं काही नव्हतं. घरात सात होत्या, त्यांतल्या दोन कसर लागलेल्या. त्यांना काकासाहेब आपल्यापुढं वाकलेले बघायचे होते, आणि तेही डोळे उघडे ठेवून. त्यासाठी रविवारपर्यंत पांढरं होणं भाग होतं. वार होता बुधवार.

चौकात विशाखाचं सलून होतं. कॉलेजच्या पोरी तिथं केस गुलाबी, जांभळे करून घ्यायच्या. तात्यासाहेबांनी रंगांचं पुस्तक मागितलं. फिकट गुलाबी, पिस्ता, लव्हेंडर, असं करत त्यांचं बोट चांदीवर थांबलं.

"कुणासाठी, काका?"

"माझ्यासाठी."

विशाखानं हातातली कात्री खाली ठेवली. "काका, हे फिकट रंग आहेत. पाटी कोरी असेल तरच उमटतात. आधी ब्लीचनं सगळा काळा काढायचा. तो सरळ पांढरा होत नाय. आधी लाल, मग नारंगी, मग पिवळा. चांदीसाठी तो पिवळाही पार उतरवावा लागतो. न रंगवलेल्या केसांचासुद्धा जीव अर्धा होतो त्यात. तुम्ही तर डाय करता."

"छे! डाय कधी लावलाच नाही. मेहंदी लावतो."

"कुठली?"

"काळी."

"मेहंदी कधी काळी असते का हो?"

या प्रश्नावर तात्यासाहेबांनी अठ्ठावीस वर्षांत विचार केला नव्हता. विशाखानं त्यांच्या कानामागची चिमूटभर बट कापली, काचेच्या वाटीत ब्लीच कालवून त्यात बुडवली आणि घड्याळ लावलं. थोड्या वेळानं वाटी त्यांच्यापुढं सरकवली. "बोट लावा."

वाटी गरम होती. आत केस गाजरी रंगाचे झाले होते. विशाखानं काडीनं एक बाहेर ओढला. तो शेवईसारखा लांबला आणि तुटला.

"असल्या काही पुड्यांत धातूचे क्षार घालतात. ब्लीचशी गाठ पडली की ते तापतात. हे वाटीत झालं म्हणून बरं. डोक्यावर झालं असतं तर?"

"मग उपाय?"

"काहीच करू नका. मुळाशी पांढरेच आहात तुम्ही. पोरी ज्याच्यासाठी डोकं जाळून घेतात, ते तुम्हाला आपोआप येतंय. तीन महिने थांबा."

"रविवारी सत्कार आहे."

"मग मशीन मारते. पण टक्कल होईल, सांगून ठेवते. मुळाशी अजून तांदळाएवढंसुद्धा पांढरं नाय."

तात्यासाहेब उठले. पोरगी शिकलेली होती, पण भित्री होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शिवाय कानामागचे केस मुळातच अशक्त असतात.

गुरुवारी सकाळी गुलमंडीच्या बाजारातून आणलेली ब्लीचची पुडी घेऊन ते न्हाणीघरात शिरले आणि कडी लावली. डोकं, मिशी, कुठं कंजुषी केली नाही. पुडीवर अर्धा तास लिहिला होता. सातव्या मिनिटाला डोक्यावर कुणी तापलेला तवा पालथा घातल्यासारखं झालं.

"अहो," बाहेरून त्यांच्या बायकोचा, द्वारकाबाईंचा आवाज आला, "कशाचा वास येतोय?"

"काही नाही."

"काही नाय तर मग इव्हळताय कशाला?"

तात्यासाहेबांनी नळाखाली डोकं धरलं. पाण्याबरोबर रंग जाईल असं वाटलं होतं, केसच गेले. ओल्या तागासारखे पुंजके हातात यायला लागले. मिशीचा डावा भाग मोरीच्या जाळीवर जाऊन बसला. उरलं ते झेंडूच्या रंगाचं होतं. दार उघडल्यावर द्वारकाबाईंनी आपल्या नवऱ्याला टाळूपासून ओठापर्यंत न्याहाळलं.

"लई झाक दिसताय. दसऱ्यापर्यंत टिकलात तर दाराला लावीन."

डोक्याला टॉवेल गुंडाळून तात्यासाहेब पुन्हा सलूनमध्ये गेले. विशाखानं शून्य नंबरचं मशीन हलक्या हातानं फिरवलं, उरलेली मिशी काढली, टाळूवरचे लाल चट्टे बघितले आणि म्हणाली, "आता इथून थेट दवाखान्यात. आणि डोक्यावर ऊन नको."

रविवारी तात्यासाहेब मंडळाच्या फाटकाशी पोचले. सोमनाथराव धावत पुढं आले. भादरलेलं डोकं, सफाचट ओठ.

"अरे रे रे! कोण गेलं?"

चाळीस म्हातारे त्यांच्याकडं बघत होते. खरं सांगायला एक क्षण मिळाला होता. तो तात्यासाहेबांनी वाया घालवला.

"चुलते," ते म्हणाले. "फुलंब्रीचे. सत्त्याण्णव वर्षांचे. मूलबाळ नव्हतं, अग्नी मीच दिला."

चुलते चौऱ्याऐंशी सालीच गेले होते. तेव्हा मात्र सर्दीचं कारण सांगून तात्यासाहेबांनी मुंडण चुकवलं होतं.

त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. खुर्चीही दुसऱ्यानं आणली. चुलत्यांसाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग सोमनाथरावांनी घसा साफ केला. "सुतकात सत्कार घेता येत नाही. तेव्हा वयानं त्यांच्या खालोखाल, आपले काकासाहेब." टाळ्या झाल्या. शाल काकासाहेबांच्या खांद्यावर पडली, नारळही त्यांच्याच हातात गेला. तात्यासाहेब मान खाली घालून बसले. लोकांना ते दुःख वाटलं, आणि ते होतंही.

काकासाहेब व्यासपीठावरून उतरून त्यांच्यासमोर थांबले. तीन दिवसांत टाळूवर पांढरे खुंट वर आले होते. मिशीशिवाय ओठांच्या सुरकुत्या उघड्या पडल्या होत्या. काकासाहेबांनी ते सगळं डोळे उघडे ठेवून बघितलं.

"तात्या," ते हळूच म्हणाले, "तुम्ही खरंच म्हातारे आहात की हो." आणि नारळ बाजूला ठेवून ते वाकायला लागले.

सोमनाथरावांनी झटकन त्यांचा दंड धरला. "अहो, सुतक आहे त्यांना! सुतकात पाया पडत नाहीत."

काकासाहेब अर्ध्यावर थांबले.

"कोणी मेलं नाय!" तात्यासाहेब ओरडले. आवाज थेट फुलंब्रीच्या मोंढ्यातल्या धान्याच्या लिलावाचा निघाला. "चुलता चौऱ्याऐंशीतच मेलाय. मी डोक्याला ब्लीच लावलं. पांढरं व्हायला. गुलमंडीची पुडी. मिशी मोरीत गेली. सुतक नाय का काही नाय. वाका तुम्ही!"

आधी कुणाला कळलं नाही. मग मागच्या रांगेतून एक जण फिसकन हसला आणि सगळा मांडव फुटला. सोमनाथराव रजिस्टर तोंडाला लावून हसत होते. काकासाहेब तर वाकल्याजागीच अडकले. हसण्यानं श्वास पुरेना आणि गुडघे सरळ होईनात. शाल घसरून जमिनीवर पडली.

तात्यासाहेब उठले, त्या पांढऱ्याशुभ्र डोक्यावर त्यांनी हात ठेवला, आणि काकासाहेबांचं हसू संपेपर्यंत काढला नाही.