शेवटची आठ पानं

रहस्यकथांच्या पुस्तकांचा शेवट आधी गळतो, हे मालिनी खेर यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. चरित्रं, निबंध, थोरामोठ्यांची पत्रं ही मंडळी कपाटात वर्षानुवर्षं कडक इस्त्रीत उभी असायची, कारण त्यांना हात लावतो कोण? हाल व्हायचे ते बालविभागातल्या भुतांचे आणि गुप्त खजिन्यांचे. पोरांना धीर नसतो. कपाटापाशी उभ्या उभ्याच ती शेवटचं पान उघडून बघायची, आणि मग ते पुस्तक पावसाळ्यात ओल्या दप्तरातून घरी जायचं. शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेला पानांचा गठ्ठा, दोऱ्यातून सुटायचा आणि कुठेतरी पडायचा. भूत खरं होतं की खोटं, हेही त्याच्याबरोबर जायचं.

रत्नागिरीच्या एका आळीतल्या छोट्याशा वाचनालयात मालिनीबाई बाविसाव्या वर्षी लागल्या, त्या एकोणसाठाव्या वर्षापर्यंत तिथेच होत्या. नेमणूक लिपिकाची. पण बाइंडरकडे पुस्तक दिलं की सहा महिने परत येत नाही, हे बघून त्यांनीच टोच्या आणि दोरा हातात घेतला. मागच्या खोलीत एक टेबल होतं, एक स्टूल होतं, आणि मैद्याच्या खळीची वाटी. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. पुढे वडील गेले, भाऊ पुण्याला स्थिरावला, आणि झाडगावातल्या घरात त्या एकट्या उरल्या. लग्नाचं दोनदा जमत आलं आणि दोनदा राहिलं. त्याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नाही.

गळलेल्या पानांवर त्यांचा उपाय ठरलेला होता. चिपळूणला, राजापूरला, मालवणला पत्र टाकायचं, तिथल्या वाचनालयातली प्रत मागवायची, हरवलेली पानं सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायची आणि खळीने चिकटवायची. पानाच्या तळाशी लिहायचं, ‘मूळ प्रतीवरून नक्कल. मा. खेर.’ अशी दहा-बारा पुस्तकं त्यांनी जगवली.

अडलं ते एका पुस्तकापाशी. ‘जकातनाक्यावरचा दिवा’ त्याचं नाव. डोंगरावरच्या ओसाड जकातनाक्यात रोज तिन्हीसांजेला एक दिवा फिरताना दिसतो. खालचं गाव म्हणतं, ते भूत आहे. सुट्टीला आलेली चार मुलं, विजू त्यांचा म्होरक्या, शोध घ्यायला वर चढतात, कुजलेलं दार ढकलतात, आत दिवा असतो, आणि दिव्यामागे कुणीतरी उभं असतं. बस्स. पुढची आठ पानं गायब. प्रकाशकाचं दुकान कधीच बंद झालेलं, आणि दुसरी प्रत साऱ्या कोकणात कुठल्या वाचनालयात नव्हती. पुस्तक परत करताना पोरं काउंटरवर हुज्जत घालायची. ‘खेरबाई, दिव्यामागे कोण होतं ते सांगा.’ एका मुलीच्या डोळ्यांत तर पाणीच आलं होतं.

तेव्हा मालिनीबाईंनी आयुष्यातली एकमेव लबाडी केली. दोन रविवार घरी बसून त्यांनी तो शेवट स्वतः लिहिला. त्यांच्या शेवटात दिव्यामागे एक म्हातारी होती, जकातनाक्याच्या जुन्या पहारेकऱ्याची बायको. नवरा गेला, नाका बंद झाला, ती एकटी वर राहिली. मुलं तिच्याशी बोलतात, आणि खाली उतरताना तिला एक शब्द देतात. लिहिताना त्या दोन-तीनदा रडल्या. मग आठही पानं चिकटवली, आणि तळाशी नेहमीप्रमाणे लिहिलं, ‘मूळ प्रतीवरून नक्कल. मा. खेर.’

एवढं झाल्यावर त्या वाट बघू लागल्या. एकदा तरी एखाद्या पोराने येऊन म्हणावं, बाई, शेवट छान आहे हो. त्यांना दुसरं काही नको होतं. पुस्तक जात होतं, येत होतं, तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरत होती. पोरं निमूट पुस्तक ठेवायची आणि पुढचं मागायची. शेवट असला की शेवटाबद्दल कुणी बोलत नाही.

त्याच सुमाराला दर शनिवारी एक मुलगी मागच्या खोलीत येऊन बसू लागली. तिची आई हातखंब्याकडून भाजी घेऊन आठवडा बाजाराला यायची, तेव्हा बाजार उठेपर्यंत पोर वेळ काढते आहे, असं मालिनीबाईंनी धरलं. स्टुलावर बसायची, बोलायची नाही, वाचायचीही नाही. मालिनीबाई पुस्तकं शिवत राहायच्या. ‘पाय हलवू नकोस, टेबल हलतं,’ एवढं एकच वाक्य त्या तिच्याशी बोलल्या असतील. पाच-सहा वर्षं ती येत होती. मग दहावी झाली असावी, यायची थांबली.

आता अगदी अलीकडची गोष्ट. मालिनीबाईंच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना कुणाच्या तरी घरचा जुना पुस्तकसंग्रह वाचनालयाला देणगी आला, आणि त्यात ‘जकातनाक्यावरचा दिवा’ची अख्खी प्रत निघाली. आठही पानं जागच्या जागी. वाचनालयाचे कार्यवाह मुकुल लिमये चाळिशीतले, हौशी आणि घाईचे. ते खूश झाले.

“मालिनीताई, ही ठेवू आणि तुमची ती चिकटवलेली बाद करू. दोन दोन कशाला? जागा तरी कुठे आहे?”

“एकदा ताडून बघते,” मालिनीबाई म्हणाल्या, आणि दोन्ही पुस्तकं पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या.

चार दिवस त्यांनी ती उघडली नाहीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी कुळथाची पिठी आणि भात खाऊन पडवीत बसल्या आणि खरा शेवट वाचला. दिव्यामागे होता पांढरं लुगडं नेसलेला एक मिशाळ माणूस. तस्करांच्या टोळीतला. मुलं शिट्टी वाजवतात, पोलीस धावत येतात, सोन्याच्या विटा सापडतात, शाळेत सत्कार होतो. वाचता वाचता मालिनीबाईंचे कान तापले. एवढं खणखणीत, सत्कारासकट! आणि आपण काय लिहिलं होतं? एक रडकी म्हातारी. पंचवीस वर्षं आळीतल्या पोरांना आपण आपलंच रडगाणं रहस्यकथा म्हणून वाचायला लावलं, असं त्यांना वाटलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या मुकुलने दोन्ही शेवट शेजारी ठेवले तर ‘मूळ प्रतीवरून’ हे दोन शब्द त्यांना खाली मान घालायला लावणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना त्यांनी ती आठ पानं टराटरा ओढून काढली आणि नारळाच्या सोडणांबरोबर बंबात घातली. मोरचुदाने ज्वाळ थोडी हिरवी झाली. बाकीचं पुस्तक रद्दीत गेलं. त्या दिवशी वाचनालयात त्यांनी कुणाशी शब्दही काढला नाही, आणि तसं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, वाचनालयात चिटपाखरू नसताना, पस्तिशी ओलांडलेली एक बाई काउंटरपाशी आली. हातात ‘जकातनाक्यावरचा दिवा’. आधी मालिनीबाईंना वाटलं, कपाटातलंच काढलं असेल.

“हे मला मुंबईत फुटपाथवर मिळालं,” ती म्हणाली. “माझ्या मुलीसाठी घेतलं. ईशाला वाचून दाखवत होते, तर शेवटाला पोचले आणि बघते तो काय, यात शेवट चुकीचा छापलाय.”

“चुकीचा म्हणजे?”

“कुठले तरी तस्कर घुसवलेत. खरा शेवट तुमच्याकडच्या प्रतीत आहे, हाताने लिहिलेला. आईकडे आले होते हातखंब्याला, म्हटलं जाऊन त्याचे फोटो घ्यावेत. आहे ना ती प्रत?”

मालिनीबाईंनी पंचवीस वर्षं ज्या माणसाची वाट बघितली ते माणूस समोर उभं होतं, आणि त्याला द्यायला काहीच उरलं नव्हतं.

“ती बाद झाली हो,” त्या कशाबशा म्हणाल्या. “पानं राहिली नाहीत.”

बाई म्हणाली, “असू दे. मला पाठ आहे. मी सांगते, तुम्ही लिहून घ्याल? ते तुमच्याच अक्षरात होतं. मला त्याच अक्षरात हवंय.”

मागच्या खोलीत दोघी बसल्या. मालिनीबाईंनी कोरे कागद घेतले. बाई स्टुलावर बसून डोळे मिटून सांगू लागली, शाळेत कविता म्हणावी तशी, एकही शब्द न गाळता.

“‘म्हातारी म्हणाली, दिवा मला नको आहे रे. इथला दगड न् दगड मला पाठ आहे. खालच्यांना दिसावा म्हणून लावते. विजू म्हणाला, पण खालचे तर भूत म्हणतात. म्हातारी हसली. म्हणू देत, वर बघतात तरी.’”

मालिनीबाई लिहीत होत्या. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून त्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होत्या. अक्षर मात्र तेच होतं.

“‘मग विजू म्हणाला, आजी, आम्ही...’” बाईने श्वास घ्यायला थांबून डोळे उघडले. पेन थांबलं नव्हतं. तिने न सांगितलेलं वाक्य कागदावर उमटत होतं. ‘आम्ही दर शनिवारी येऊ. बोलायलाच हवं असं नाही. नुसते बसू.’ मालिनीबाईंनी पूर्णविराम दिला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

“तुम्हालाही पाठ आहे,” बाई म्हणाली.

हो म्हणून सुटता आलं असतं. “पाठ नाही,” मालिनीबाई म्हणाल्या. “ती नक्कल नव्हती. मीच लिहिलं होतं. तुमच्या पुस्तकातले तस्कर आहेत ना, तेच खरे.”

बाईने कागद आपल्याकडे ओढला. “म्हणजे ती म्हातारी तुम्हीच, हा माझा अंदाज बरोबर होता,” ती म्हणाली. “मी शमिका. सुर्व्यांची. आई बाजारात भाजी घेऊन बसायची. मी शनिवारी इथे येऊन बसायचे, आठवतंय?”

“अगो, ती तू? बाजार उठेपर्यंत बसायचीस ती?”

“बाजारात काय कमी मजा होती? आई सरबत द्यायची, मैत्रिणी असायच्या. पण ते पुस्तक वाचलं आणि मला वाटलं, खेरबाई पण अशाच एकट्या बसतात मागे. म्हणून येत होते.”

सहा वर्षं दर शनिवारी कुणीतरी डोंगर चढून आपल्याजवळ येऊन बसत होतं, आणि आपण पुस्तकातून मान वर केली नव्हती. संध्याकाळी घरी जाऊन मात्र आपलं कुणी नाही म्हणून झुरत होतो. मालिनीबाईंना स्वतःचा राग आला, आणि त्या वाया गेलेल्या शनिवारांसाठी फार वाईट वाटलं.

“मी तुला पाय हलवू नको म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “दुसरं कधी काही बोललेच नाही गो तुझ्याशी.”

“बोलायलाच हवं असं कुठे होतं?” शमिका म्हणाली.

तिच्या गाडीला अजून तास होता. मालिनीबाईंनी राहिलेलं पान पुरं केलं. तळाशी सवयीने ‘मूळ प्रतीवरून’ लिहायला घेतलेलं पेन त्यांनी उचललं, आणि फक्त नाव लिहिलं. मग खळीची वाटी बाजूला सारली, हात पुसले, आणि त्या स्टुलाकडे तोंड करून बसल्या.