जीपवाल्याची नक्कल आणि पिशवीवालीची नक्कल

“अबे थांबव गाडी! ए झेंडीवाल्या! माह्या पोराचा ठेसा खाली राह्यला ना!”

नांदुरा स्टेशनच्या फलाटावर माझी माय ओरडत होती आणि गाडी सुटली होती. तिच्या एका हातात मिरचीच्या ठेशाची बरणी, दुसऱ्या हातात लुगड्याचा घोळ, आणि पाय असे चाललेले की इंजिनच मागे पडतं की काय अशी मला धास्ती. मायने नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात वीस वर्षं वांगी आणि मिरच्या विकल्या होत्या. तिने इकडे ‘वांगे घ्या वांगे’ म्हटलं की तिकडे मलकापुरातल्या बाया पिशव्या शोधायला लागत. गार्डाला वाटलं, रेल्वेचा कोणी मोठा साहेब खवळलाय. त्याने घाबरून लाल झेंडी काढली. गाडी थांबली, बरणी खिडकीतून माझ्या मांडीवर आली, आणि मनमाडपर्यंत आम्ही सहा मिनिटं लेट धावलो. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. आपल्या वडनेर गावात राहिलेल्यांनो, तुम्ही तो आवाज ऐकलेला आहे. माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, तुमच्या कानात तो अजून असेल.

“कोनाले भेऊ नको,” गाडी पुन्हा हलल्यावर तिने सांगितलं. “आपलंच राज्य हाय आता.”

राज्य खरंच नवं होतं. आम्ही वडनेर भोलजीचे लोक आधी मध्य प्रदेशात होतो, मग मुंबईच्या राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो. आणि हा एवढा प्रवास आम्ही गावातल्या ओट्यावर बसून, तिकीट न काढता केला. भाषणांत ऐकलं होतं की मराठी बोलणारा तो सगळा एक. मी बी.ए. झालेला, पुण्याला एका सरकारी कचेरीत कारकुनी मिळालेली, आणि मराठी तर मी पाळण्यापासून बोलत होतो. मला वाटलं, आता अडचण कसली?

अडचण पहिल्याच दिवशी खाणावळीत आली. वाढपी माझं ताट ओलांडून पुढे गेला. मी हाक मारली, “काऊन हो, मले भाजी नाई वाढली?”

अख्खी पंगत थांबली. एकाच्या नाकातून ताक आलं. समोरच्याने शेजाऱ्याला ते वाक्य करून दाखवलं, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला, आणि भाजी माझ्यापर्यंत यायच्या आत माझं वाक्य रस्ता ओलांडून कचेरीत जाऊन बसलं. दुपारी हेडक्लार्कने मला बोलावलं ते याच शब्दांनी: “काऊन हो शामराव, मले फाईल नाई देल्ली?” मग स्वतःच हसून म्हणाले, “गंमत हो!”

या ‘गंमत हो’वर माझा जो राग आहे तो आज इतक्या वर्षांनीही तसूभर कमी झालेला नाही. माणूस तुमच्या पायावर पाय देतो आणि वर सांगतो की मला गुदगुल्या झाल्या. मला भाजी हवी होती. माझ्या मागणीत न समजण्यासारखा एक शब्द नव्हता. समजलं सगळ्यांना, म्हणून तर हसले.

सहा महिन्यांत मी बंदोबस्त केला. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘काऊन’चं ‘का बरं’ झालं, ‘हाव’चं ‘हो ना’ झालं. खोलीतल्या हातभर आरशासमोर उभा राहून मी ‘पानी’ सोडून ‘पाणी’ म्हणत असे. इतकं म्हणत असे की शेजारचे एक गृहस्थ तांब्या भरून घेऊन आले. पुढे पुढे माझी जीभ अशी वळली की अस्सल पुणेकर मला विचारत, “आपण मूळचे पेठेतलेच का?” आणि ‘नाही’ म्हणायला मी अंमळ वेळ लावत असे.

आता न्यायाची गोष्ट आहे तर तुम्ही वडनेरवाले लगेच म्हणाल, शाम्या, तू काय कमी नकला केल्या? केल्या. आपल्याकडे पुण्याकडचे एक शेतीसाहेब जीपमधून येत आणि “शेतकरी बंधूंनो, आपण खत कसे बरे घालता?” असं नाकातून विचारत. त्यांची जीप फाट्याला लागायच्या आत मी ओट्यावर उभा राहून त्यांचं भाषण पुन्हा करत असे. रुमालाने घाम टिपणं, चिखलातून बूट उचलणं, सगळ्यासकट. म्हातारी माणसं हसून हसून आडवी पडत. पण त्यात आणि यात फरक आहे, आणि तो मी कोणत्याही कोर्टात सांगेन. त्या साहेबाजवळ जीप होती. त्याचं बोलणं हसण्यावारी नेल्याने त्याचं एक चाकही पंक्चर झालं नाही. जीपवाल्याची नक्कल करणं वेगळं, आणि हातात पिशवी घेऊन पायी चालणाऱ्याची नक्कल करणं वेगळं.

तर पिशवीचीच गोष्ट सांगतो.

पुण्यात मला आठ वर्षं झाली होती, चाळीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिकडे थोरल्या भावाचा संसार वाढला, घर पुरेना, म्हणून मी मायला घेऊन आलो. ती कायमची माझ्याजवळ राहावी एवढीच माझी इच्छा होती. आणि भीतीही एकच: एखाद्या दिवशी हिला कोणी हसेल, ही ट्रंक उचलेल आणि नांदुऱ्याचं तिकीट मागेल.

चौथ्याच दिवशी चाळीच्या दारात भाजीवाला आला. पिशवी घेऊन खाली उतरलेल्या मायने त्याच्या टोपलीतलं एक वांगं उचललं, उलटं केलं, कानाशी नेलं. बायका बघायला लागल्या.

“काहो भाऊ,” माय म्हणाली, “हे वांगं तोडून किती दिस झाले? याले त मिशा फुटून राह्यल्या!”

तीन मजल्यांवरून हसू खाली आलं. मी खिडकीतून मागे सरलो. माय वर आल्यावर मी म्हणालो, “आई, इथे जरा हळू बोलत जा.”

“हळू बोललं त वांगं ताजं होते काय?” ती म्हणाली. मग थांबून माझ्याकडे पाहिलं. ‘माय’ची ‘आई’ झाल्याचं तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

खालच्या मजल्यावर मुकुंदराव राहत. विमा कचेरीत नोकरीला, आणि गणपतीत नकला करण्यात सगळ्या पेठेत त्यांच्या तोडीचा माणूस नाही. माणूस वाईट म्हणावा तर तसाही नाही. मायचं नाव रेशन कार्डावर चढवायला हेलपाटे मी घातले नाहीत, त्यांनी घातले. रोज संध्याकाळी येऊन दारात बसत. “काकू, ते वांग्याचं पुन्हा एकदा सांगा ना.” माय सांगे. पंधरा दिवसांत त्या वांग्याला मिशाच काय, दाढीसुद्धा आली. मला बरं वाटायचं, हिला इथे कोणीतरी बोलायला आहे.

गणपतीत रविवारी दुपारी चाळीचा कार्यक्रम होता. माय पहिल्या रांगेत बायकांबरोबर, मी मागे पुरुषांत. पडदा सरकला आणि मुकुंदराव आले. हिरवं नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. एक हात कमरेवर, अगदी तिच्यासारखा, बोटं मागे वळवून. पिशवीतून वांगं काढलं, कानाशी धरलं.

“बाप्पा! याले त मिशा फुटून राह्यल्या!”

मंडप असा हसला की दोन बांबू वाकले आणि गणपतीच्या सोंडेवरची जास्वंद घरंगळून मोदकांच्या ताटात पडली. मुकुंदराव पेटले. ‘मी जातो वं’, ‘मी येतो वं’, आमच्याकडच्या बाया म्हणतात तसं बाई असून ‘जातो’, त्यावर पुन्हा हशा. लोक हसत आणि मान वळवून पहिल्या रांगेकडे बघत. मीही बघितलं. मायने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत होती. मला शंभर टक्के खात्री होती.

मी उठलो. म्हणायचं होतं, ‘हा प्रकार ताबडतोब थांबवावा, ही माझी विनंती आहे.’ तोंडातून निघालं ते असं:

“बंद कर बे! माह्या मायले हासून राह्यला तू? तुह्या बापानं कधी झाडावरचं वांगं पाह्यलं होतं काय? उतर खाली, बह्याडा!”

आठ वर्षं कोंडून ठेवलेलं, एका दमात बाहेर. मुकुंदराव वांगं धरून तसेच उभे. आणि मग, देवाशपथ सांगतो, टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. “वन्स मोर!” त्यांना वाटलं, आमच्या दोघांचं ठरलेलं आहे! मी आणखी चिडलो, आणखी शिव्या दिल्या, टाळ्या आणखी वाढल्या. मी मूठ उगारली, आणि त्यालाही कोणी म्हणालं, “काय अभिनय आहे!” शेजारचे एक पेन्शनर डोळे पुसत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “शामराव, तुम्ही मुकुंदरावांपेक्षा सरस करता हो! कुठे शिकलात?”

अपमान झाल्याबद्दल माणूस ओरडतो आणि लोक त्याला बक्षीस द्यायला निघतात, याला दाद कुठे मागायची? नक्कल करणाऱ्यांनी तुमचा राग आधीच खाऊन टाकलेला असतो. तुम्ही गप्प बसा, तर म्हणतात याचं काही बिघडत नाही. तुम्ही बोला, तर पुन्हा त्याच बोलीत बोलता, आणि ती त्यांच्या लेखी गमतीची. मुकुंदराव नेहमी सांगत की ते त्यांच्या कचेरीतल्या कोल्हापूरच्या शिंद्यांचीही नक्कल करतात आणि शिंदे स्वतः खदखदून हसतात. हसतील नाही तर काय? शिंद्यांना त्याच ऑफिसात आणखी वीस वर्षं काढायची होती.

मी मायचा हात धरून तिला घरी आणलं. पाच मिनिटांत मुकुंदराव आले. पावडर तोंडावर तशीच, हातात लुगड्याची घडी. “शामराव, गंमत हो,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “काकूंना विचारूनच केलं. लुगडंही त्यांनीच दिलं.” त्यांनी घडी मायच्या हातात दिली आणि गेले.

तेव्हा मी नीट पाहिलं. हिरवं, लाल काठाचं. तिचंच होतं.

माय निघून गेली का, हे तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकतो. नाही गेली. पुढे चौदा वर्षं त्याच चाळीत राहिली, आणि शेवटी शेवटी भाजीवाला तिला पाहिल्यावर जुनी वांगी टोपलीच्या तळाशी दडवायला लागला. मला वडनेर आता सुट्टीपुरतं उरलं आहे. तिथे गेलो की लोक मला पाटावर बसवतात आणि माझ्याशी जपून बोलतात, त्या जीपवाल्या साहेबाशी बोलत तसं.

पण त्या दुपारी मला ती जाईल असंच वाटत होतं, आणि लुगडं तिनेच दिलं म्हटल्यावर तर मी पुरता भडकलो. तास-दीड तास मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. तिला सांगितलं की हे लोक तुझ्यावर हसले, तुझ्यासोबत नाही. सांगितलं की पिशवीवालीची नक्कल हा अन्याय आहे. सांगितलं की तू भोळी, तुला कळलं नाही. शेवटी हात पसरून म्हणालो, “घर म्हणजे काय, आई? जिथे आपल्या बोलण्याची कोणी नक्कल करत नाही, ते घर. आणि ते या शहरात आपल्याला कधीही मिळणार नाही.” सगळं शुद्ध, ठाशीव, एकेक ण जागच्या जागी.

मायने लुगडं ट्रंकेत ठेवलं. झाकण लावलं, कडी घातली.

“त्यानं एक दुपार माही नक्कल केली,” ती म्हणाली. “तू त आठ वर्सापासून या पुन्याच्या लोकायची करून राह्यला. मी काही म्हनलं?”